पत्ता सांगणाऱ्या यमुनाक्का

यमुनाक्कांकडे कोणी पुस्तक मागितलं की त्या जागेवरून उठत नसत. आधी चष्म्यावरून समोरच्याकडे बघत आणि विचारत, "कशाला?" माणूस बघून त्या भाषा बदलत, कधी कन्नड, कधी इंग्रजी, पण प्रश्न एवढाच. विद्यार्थ्याला विचारत तसाच पंचवीस वर्षं शिकवलेल्या प्राध्यापकालाही विचारत. प्राध्यापकांना त्याचा फार राग येई. ग्रंथपालानं पुस्तक काढून द्यावं, चौकशा कसल्या करायच्या, असं त्यांचं म्हणणं. इंग्रजीच्या एका सरांनी प्राचार्यांकडे लेखी तक्रार केली होती. प्राचार्यांनी ती वाचून दाखवली तेव्हा अक्कांनी शांतपणे विचारलं होतं म्हणे, की ही तक्रार नक्की कशाला?

माझी त्यांची पहिली भेटही अशीच झाली. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. नवऱ्याला बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात नोकरी लागली म्हणून आम्ही सांगलीहून बंगळूरला आलो होतो. वर्षभर घरी बसल्यावर मला एका खासगी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची जागा मिळाली. विभागात सगळ्यात नवी मी, तेव्हा इतर कोणाला नको असलेला विषय माझ्या गळ्यात पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला तास होता. मी धावतपळत पहिल्या मजल्यावरच्या ग्रंथालयात गेले आणि एका जाडजूड पुस्तकाचं नाव सांगितलं.

"कशाला?" अक्कांनी इंग्रजीत विचारलं.

वाचायला, असं मी म्हटलं. त्यावर त्यांनी वाचायचं कशाला, असं विचारलं. मी मान फिरवून मराठीत पुटपुटले, की बाईला नोकरी नकोशी झालीय वाटतं. इथं कोणाला मराठी कळणार, या भरवशावर.

त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला आणि मराठीत म्हणाल्या, "झाली आहे की. पण ती तुमच्यामुळे नाही. स्वल्प बसा."

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. बसले. मग त्यांनी एकेक करून विचारत माझ्याकडून खरी गोष्ट काढून घेतली. उंच झाडाच्या शेंड्यापर्यंत पाणी कसं चढतं, ते मला समजलेलं होतं. पण ते साठ मुलांना कसं सांगायचं, ते समजत नव्हतं. तेव्हा कुठे अक्का उठल्या. टेबलाखाली काढून ठेवलेल्या चपला पायानं चाचपल्या, घातल्या, आणि मांडण्यांमध्ये दिसेनाशा झाल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात शाळकरी मुलांसाठीचं एक पातळ पुस्तक, एका जुन्या नियतकालिकाचा अंक आणि निवृत्त झालेल्या एका सरांची प्रयोगांची वही होती. जाड पुस्तक नव्हतं.

"मोठं पुस्तक तुम्हाला येतंय की," त्या म्हणाल्या. "अडलंय ते पोरांचं. आणि एक सांगते. मी पुस्तक देत नाही, पत्ता सांगते. जायचं तुम्ही."

तास बरा झाला. मी कृतज्ञतेनं ते सांगायला गेले, असं मात्र झालं नाही. नव्या नोकरीच्या गडबडीत विसरूनच गेले. चार दिवसांनी जिन्यात त्याच भेटल्या. कठड्याला धरून एकेक पायरी चढत होत्या. थांबून दम घेतला आणि विचारलं, "चढलं का पाणी?"

अक्कांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आलेलं. घर येलहंक्याला. दारावर पाटी होती तिच्यावर इकडच्या रीतीनं आद्याक्षर आधी, एस. यमुनाबाई. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. त्यांची मराठी ऐकताना मला माझ्या पणजीच्या काळात गेल्यासारखं वाटे, आणि मध्येच "बरं"च्या जागी "सरी" किंवा "थोडं"च्या जागी "स्वल्प" आलं की पुन्हा बंगळुरात. महाराष्ट्र त्यांनी पाहिलेला नव्हता. लग्न केलं नव्हतं. आईचं अंथरुणावरचं दुखणं अकरा वर्षं काढलं होतं, आणि आता थोरला भाऊ, ज्याला त्या अण्णा म्हणत, आणि त्या असे दोघेच राहत. रोज दोन बस बदलून यायच्या. गुडघे गेलेले, संध्याकाळपर्यंत पाय सुजायचे. कशा आहात, असं विचारलं तर लोक बरी आहे म्हणतात. त्या "थकले हो," असं म्हणायच्या आणि कामाला लागायच्या. तक्रारीचा सूर नसे. आज सोमवार आहे म्हणावं, तसं.

त्यांच्या सोमवारच्या चिठ्ठ्यांबद्दल सांगायला हवं. दर सोमवारी सकाळी प्रत्येक अध्यापकाच्या टपालाच्या कप्प्यात एक चिठ्ठी असे. तुमच्या विषयाचं गेल्या आठवड्यात काय आलं, कुठल्या अंकात, कुठल्या पानावर. चिठ्ठी हातानं लिहिलेली, आणि प्रत्येकाची वेगळी. त्यासाठी त्या शनिवारी दुपारी शहरातल्या दुसऱ्या मोठ्या ग्रंथालयांत जाऊन अंक चाळून येत. कारण रुपया घसरल्यापासून आमच्याकडची परदेशी नियतकालिकं एकेक करून बंद झाली होती. कुठलं बंद करायचं, हे विचारायला त्या प्रत्येक विभागात फिरल्या होत्या. बहुतेकांनी त्यांनाच विचारलं, की आपल्याकडे येतं काय काय? बंद झालेल्या अंकांतला एखादा लेख कोणाला हवा असेल, तर त्या लेखकालाच कार्ड टाकत: आपल्या लेखाची एक प्रत पाठवावी. कुठून कुठून पाकिटं यायची. आलेल्या प्रत्येक लेखाचं एक कार्ड करून त्या लाकडी खणांत लावत, म्हणजे पुढच्या माणसाला तो सापडावा.

चिठ्ठ्यांचं काय होतं, तेही त्यांना ठाऊक होतं. बहुतेक स्टाफरूमच्या टोपलीत जायच्या. मुनियप्पा, ग्रंथालयाचा शिपाई, एकदा टोपलीतल्या चिठ्ठ्या गोळा करून सरळ करून घेऊन आला आणि त्यानं त्या अक्कांच्या टेबलावर ठेवल्या. त्याला वाईट वाटलं होतं. मी समोरच होते. अक्कांनी चिठ्ठ्या मोजल्यासारख्या चाळल्या आणि म्हणाल्या, "फेकायला तरी हातात घेतात की." पुढच्या सोमवारी चिठ्ठ्या पुन्हा कप्प्यांत होत्या.

एका वर्षी त्यांनी प्राचार्यांना सुचवलं, की शोध कसा घ्यायचा, संदर्भ कसे काढायचे आणि लिहायचे, हे अध्यापकांना शिकवण्याचा एक वर्ग घेते. प्राध्यापकांना शिकवणार ग्रंथपाल, यावर स्टाफरूममध्ये आठवडाभर हसणं चाललं. प्राचार्यांनी परवानगी दिली, पण महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी, जेव्हा कोणीच थांबत नाही अशा वेळी. पहिल्या वर्गाला दोघं होतो. मी, आणि दार बंद करायला थांबलेला मुनियप्पा. त्याला अक्कांनी आत बसवून घेतलं. दोघांसाठी त्यांनी पूर्ण दोन तास शिकवलं. फळ्यावर लिहिलं, खण काढून दाखवले, आमच्याकडून करून घेतलं. मला वाटलं, आता पुढच्या महिन्यात रद्द करतील. त्या म्हणाल्या, "दोन माणसं म्हणजे थोडी नव्हेत. माझ्या आईला अक्षरं शिकवायला तर कोणीच नव्हतं."

पुढे पाच झाले, मग आठ. पण खरा शिकला तो मुनियप्पा. चाळिशीचा माणूस; कन्नड वाचता येई, इंग्रजी अक्षरं फक्त ओळखीची. वर्षभरात तो पुस्तकाच्या पाठीवरच्या आकड्यांवरून विषय सांगू लागला. अक्का रजेवर असल्या की आम्ही त्याच्याकडेच जायचो. एकदा त्यानं मलाही गंभीरपणे विचारलं, "याके, मेडम?" म्हणजे कशाला?

या शनिवारांमुळेच मी पीएच.डी.ला नाव घातलं, असं म्हणायला हरकत नाही. मार्गदर्शक आमचे विभागप्रमुख. विषय जलपर्णीचा. बंगळूरच्या तळ्यांवर, इकडच्या केऱ्यांवर, ती तेव्हा हातपाय पसरत होती. तिची मुळं पाण्यातलं शिसं शोषून घेतात, हे लोकांना ठाऊक होतं. ती दाट झाली की किती शोषतात, ते मी मोजत होते. रविवारी पहाटे मुलीला शेजारच्या काकूंकडे ठेवायचं आणि बाटल्या घेऊन निघायचं. सर्जापूर रोडला तेव्हा दोन्ही बाजूंना शेतं होती. बस जिथं सोडेल तिथून तळ्यापर्यंत चालायचं. साडेतीन वर्षं हे केलं. आणि एक छान निष्कर्ष हातात आला. दाटी झाली की मुळं शिसं जास्त नाही, उलट कमी शोषतात. सर खूष झाले. हे कोणीच दाखवलेलं नाही, म्हणाले. निवृत्तीआधी त्यांच्या नावावर एक तरी विद्यार्थी डॉक्टर व्हावा, ही त्यांची इच्छा होती, आणि ती काही वाईट इच्छा नव्हती.

एका सोमवारी दुपारी अक्का दुसऱ्या मजल्यावर आमच्या प्रयोगशाळेत आल्या. गुडघ्यांमुळे त्या कधी पहिल्या मजल्याच्या वर येत नसत. स्टुलावर बसल्या. मी पाणी दिलं. मग त्यांनी पिशवीतून एक पाकीट काढलं.

"वैशालीबाई, हे वाचा. आणि माझ्यासमोर वाचू नका."

त्या खाली गेल्यावर मी पाकीट उघडलं. आत एका लेखाची छायाप्रत होती. मी ज्याचं नावही ऐकलं नव्हतं अशा, दूरच्या देशातल्या नियतकालिकातली, नऊ वर्षांपूर्वीची. जलपर्णी, शिसं, दाटी. आलेखसुद्धा माझाच वाटावा असा. शहरातल्या एका मोठ्या ग्रंथालयात तेव्हा संगणकावर तबकडी घालून शोधायची सोय नुकतीच झाली होती. तिथं शनिवारी अक्कांनी माझा विषय घालून पाहिला होता. खास माझ्यासाठी म्हणून नव्हे. सगळ्यांचेच विषय त्या घालून बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यासमोर उभी राहिले. रात्रभर झोप नव्हती, त्यामुळे तोल गेलेला. हे मला का दिलंत, असं मी विचारलं.

"तुम्हीच सांगितलं होतंत, काही दिसलं तर कळवा. ते दिसलं."

"आणि नसतं कळवलं तर? कोणाला कळणार होतं?"

"मला कळलं होतं की," त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही. नुसत्या दमलेल्या दिसत होत्या. "तुमच्या अगोदर तिथं कोणी पोचलंय. ते मी कसं पुसू?"

मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. साडेतीन वर्षांचे रविवार गेले होते आणि दोष द्यायला समोर माणूस तर हवं होतं. तो परदेशी लेखक दूर होता, अक्का जवळ होत्या.

सरांना मी लेख दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला, घडी घातली आणि आपल्या टेबलाच्या खणात टाकला. हे नियतकालिक या गावात कुणाकडे येत नाही, परीक्षकांकडे तर नाहीच, असं ते म्हणाले. तुम्ही तुमचं काम स्वतंत्रपणे केलंय, कुणाची चोरी केलेली नाही, मग उल्लेख करायचं कारण काय? प्रबंध पुरा करा. मला ते ऐकायचंच होतं. मी मान हलवली.

पण एक अडचण राहिली होती. अक्कांनी रीतीप्रमाणे त्या लेखाचंही कार्ड करून खणात लावलं होतं. माझा विषय शोधायला जो कोणी येईल, त्याच्या हाताला ते लागलं असतं. सर ग्रंथालय समितीचे अध्यक्ष होते. ते स्वतः खाली गेले आणि ते कार्ड काढून टाकायला सांगितलं. तिथं काय झालं ते मला मुनियप्पानं सांगितलं. अक्का म्हणाल्या, काढते. पण तसं लेखी द्या, म्हणजे का काढलं आणि कोणाच्या सांगण्यावरून काढलं, ते त्या जागी दुसऱ्या कार्डावर लिहून ठेवता येईल. सर तसेच वर आले. कार्ड तिथंच राहिलं.

दोन महिन्यांनी समितीची बैठक झाली. समितीत तरुण अध्यापकांतर्फे एक सदस्य असे, आणि ती मी होते. माझं नाव सुचवलं होतं अक्कांनीच, शनिवारच्या वर्गाला न चुकता येते म्हणून. ग्रंथालयात संगणक येणार होते. सरांनी प्रस्ताव मांडला. संगणक, नियतकालिकं आणि लेखसंग्रह हे सगळं नव्या सहायक ग्रंथपाल शैलजा यांच्याकडे द्यावं. यमुनाबाईंचे गुडघे दुखतात, जिने चढवत नाहीत, म्हणून त्यांना तळमजल्यावर पाठ्यपुस्तकांच्या खिडकीवर बसवावं. शैलजाला काम शिकवलं होतं अक्कांनीच. ती बैठकीला नव्हती.

सरांनी सगळ्यांकडे बघितलं आणि कोणाला काही म्हणायचंय का, असं विचारलं. माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. मी समोरच्या कागदावर बघत राहिले. कागदावर काहीही लिहिलेलं नव्हतं. प्रबंधावर त्यांची सही व्हायची होती.

ग्रंथपाल म्हणून समितीच्या चिटणीस अक्का. त्यामुळे बैठकीचं इतिवृत्त त्याच लिहीत होत्या. आपली बदलीही त्यांना आपल्याच अक्षरात लिहावी लागली. लिहून झाल्यावर त्यांनी मान वर केली आणि एवढंच विचारलं, "तारीख आजचीच घालू ना?"

त्यानंतरच्या सोमवारी टपालाचा कप्पा रिकामा होता. कोणाच्या लक्षातही आलं नाही. मी मात्र तिथं उगीच उभी राहिले, खिशात किल्ली शोधावी तसा हात आत घालून पाहिला. खाली खिडकीवर मुलांची रांग असायची. अक्का वह्यांत नोंदी करायच्या, पुस्तकं सरकवायच्या. इथं कशाला म्हणून विचारायची सोय नव्हती. परीक्षेची पुस्तकं परीक्षेलाच लागतात. मी दुसऱ्या जिन्यानं ये-जा करू लागले.

प्रबंधाचं शेवटचं प्रकरण लिहायला बसले. 'हे प्रथमच दाखवण्यात येत आहे' असं एक वाक्य त्यात यायला हवं होतं. ते मला लिहिता येईना. त्यात काही फार मोठी नीतिमत्ता होती असं मी म्हणणार नाही. त्या वाक्यापाशी आले की हात थांबायचा, मी उठून चहा करायची, परत बसायची, पुन्हा तेच. असे तीन आठवडे गेले. नवरा म्हणाला, एवढं जड जातंय तर ते वाक्य सोडून पुढे जा. पण ते वाक्य सोडलं तर प्रबंधात उरत काय होतं?

एके दिवशी दुपारी मी तळमजल्यावर गेले आणि मुलांच्या मागे रांगेत उभी राहिले. माझी पाळी आली. अक्कांनी वर बघितलं. मी म्हटलं, "त्या लेखाच्या लेखकाला पत्र लिहायचंय. पत्ता पाहिजे."

 त्या म्हणाल्या, "सरी." वहीचा कोपरा फाडून त्यांनी पत्ता लिहून दिला. लेखाकडे न बघता, तोंडपाठ. माझ्या मागचा मुलगा घाई करत होता, म्हणून मी बाजूला झाले.

पत्राला उत्तर यायला बरेच महिने लागले. लेखक निवृत्त झाले होते. त्यांच्या एका विद्यार्थिनीनं उत्तर दिलं आणि सोबत नंतरचे दोन लेख पाठवले. त्यांचं काम टाक्यांमधल्या स्थिर पाण्यावर होतं. पावसाळ्यात तळं भरतं, उन्हाळ्यात आटतं, तेव्हा काय होतं, हे त्यांनी पाहिलेलं नव्हतं. म्हणजे मला एक वाट शिल्लक होती, पण लहान. मी एक आख्खं प्रकरण काढून टाकलं आणि आणखी दोन वर्षं रविवारी बाटल्या घेऊन फिरले. सरांनी अबोला धरला, सह्या लांबवल्या, शेवटी केल्या. मुलगी तोवर स्वतःची वेणी स्वतः घालण्याएवढी मोठी झाली होती.

मधल्या काळात अक्का निवृत्त झाल्या. त्याच दिवशी संगणक कक्षाचं उद्घाटन होतं, त्यामुळे निरोपाचा कार्यक्रम त्यालाच जोडून उरकला. शाल दिली, फळं दिली, भिंतीवरचं घड्याळ दिलं. दोन शब्द बोला म्हटल्यावर त्या उभ्या राहिल्या, मुनियप्पाचे आभार मानले आणि म्हणाल्या, की कार्डांचा डावीकडचा शेवटचा खण अडकतो, तो जरा वर उचलून मग ओढावा. एवढं बोलून बसल्या. लोक हसले. शैलजा हसली नाही. ती वहीत लिहून घेत होती. पुढे बरेच दिवस ती काही अडलं की येलहंक्याला जाऊन विचारून यायची, हे मला नंतर कळलं. मी दोन वर्षांत एकदाही गेले नव्हते.

प्रबंध मंजूर झाला तेव्हा एक प्रत घेऊन मी गेले. रविवारची सकाळ होती. अण्णांनी दार उघडलं. अक्का आतल्या खोलीत खुर्चीवर बसल्या होत्या, पाय स्टुलावर. फार वाळल्या होत्या. हृदयाचं काही तरी निघालं होतं, असं अण्णा हलक्या आवाजात म्हणाले. मी प्रबंध त्यांच्या मांडीवर ठेवला. आभाराच्या पानावर त्यांचं नाव होतं. ते त्या बघतील म्हणून मी वाट बघत होते. त्यांनी प्रबंध उलटा धरल्यासारखा मागून उघडला आणि संदर्भसूची वाचायला लागल्या. एकेक ओळ, बोट ठेवून. त्या परदेशी लेखापाशी बोट क्षणभर थांबलं, आणि पुढे गेलं.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "अक्का, त्या दिवशी बैठकीत मी बोलायला हवं होतं."

नाही हो, त्यात काय एवढं, असं त्या म्हणतील असं मला वाटत होतं. बहुधा तेच ऐकायला मी इतक्या लांब आले होते.

"होय," त्या म्हणाल्या. "हवं होतं."

त्यांनी मान वर केली नव्हती. बोट सूचीवरच होतं. मी रडत होते, त्याकडे त्यांनी मुद्दाम लक्ष दिलं नाही असं आज वाटतं. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, की अण्णा कॉफी करतोय, तोंड धुऊन या. मी परत आले तेव्हा त्यांनी पान उघडं ठेवलं होतं आणि शेजारी पेन्सिल.

"हे बघा. या लेखाचं पान चुकलंय. एकशे बारा नव्हे, एकशे एकवीस. सगळ्या प्रतींत दुरुस्त करा. पुढचा माणूस हकनाक भटकेल."

कॉफी घेतली. अण्णांनी शेजारपाजारच्या गोष्टी सांगितल्या. अक्का मधूनमधून डोळे मिटत होत्या. निघताना मी पाया पडले तेव्हा त्यांनी डोक्यावर हात ठेवला, आणि बस कुठल्या नंबरची घ्यायची ते सांगितलं.

एकूण पाच प्रती होत्या. चारांत मी शाईनं दुरुस्ती केली. पाचवी विद्यापीठाच्या ग्रंथालयात जमा झालेली. तिथं गेले, तर प्रबंध बघायला दिला, पण पेन बाहेर ठेवायला लावलं. जमा झालेल्या प्रतीत कोणालाही काही लिहिता येत नाही. मी विनंती करून पाहिली. काउंटरवरचा माणूस सभ्य होता, नियम नियमच आहे म्हणाला. हे अक्कांना सांगावं, त्या काहीतरी मार्ग काढतील, असं मनात होतं. पण मुलीची परीक्षा आली, मग सासूबाई आल्या. जाणं राहिलं.

उन्हाळ्यात अण्णांनी कॉलेजात अक्का गेल्याचा निरोप पाठवला. मुनियप्पा आणि मी सोबतच गेलो. घरासमोर थोडीच माणसं होती; शैलजा दाराशी उभी होती. सगळं उरकल्यावर अण्णा माझ्याजवळ आले. दमलेले, डोळे कोरडे. म्हणाले, "शेवटच्या आठवड्यात दोनदा विचारलं तिनं. ते पान दुरुस्त झालं का, म्हणून."

मी हो म्हटलं. पाचांतल्या चार प्रतींपुरतं ते खरं होतं.